सैलानी आणि सराई

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नणंद घरासकट आमच्या दारात येऊन उभी राहिली. घरासकट म्हणजे अक्षरशः घरासकट. नंदोई पुण्यात बसच्या बॉडी बांधणाऱ्या एका वर्कशॉपात कामाला आहेत. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या सजवल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सीटा काढल्या. दोन्ही बाजूंना प्लायवूडचे बाक केले, रात्री त्यांचाच पलंग होतो. मागच्या दाराशी हातभर ओटा, दोन बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी, छतावर सोलरचं पॅनल आणि कोपऱ्यात पडद्याआड संडासाचं एक भांडं, ज्यात औषध टाकावं लागतं. गाडी बांधायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त आरटीओच्या कागदांना लागला, असं ते सांगतात. त्या गाडीतून ते दोघं, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि नंदोईंची सत्तरीतली अम्मी सत्तावीस दिवसांच्या सफरीला निघाले होते. आमचं गाव मेहकर तालुक्यात, रस्त्याला लागून. त्यामुळे आमच्याकडे मुक्काम ठरलेलाच होता.

अर्ध्या तासात मोहल्ला जमला. पोरं आत-बाहेर करून थकली. शेजारच्या खालाजाननी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नणंदेला हळूच विचारलं, "घर बेच दिया क्या बेटी?" आमच्याकडे माणूस बिऱ्हाड गाडीत भरून निघाला म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार, हीच समजूत. हौसेने कुणी असं करतं हे त्यांच्या डोक्यात शिरेना. मला हसू आलं, पण नंतर हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. कारण खालाजानचं काय चुकलं होतं? या रस्त्यावरून चाकांवर संसार घेऊन जाणारी जी कुटुंबं आयुष्यभर त्यांनी पाहिली, त्यातलं एकही हौसेने निघालेलं नव्हतं.

मला सुट्टी होती म्हणून पाच दिवस मीही त्यांच्याबरोबर फिरले. मास्तरीण असल्यामुळे आधी मुलांची शाळा बुडते म्हणून कुरकुर केली. भाचीने लोणारच्या कड्यावर उभं राहून मला उलट विचारलं, "मामी, भूगोलाच्या पुस्तकात हे किती ओळींत आहे?" उल्का आदळून बसाल्टमध्ये झालेलं सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं पाणी, 2020 पासून रामसर यादीत. तिला हे सगळं मी सांगितलं, पण तिने ते वास घेऊन, चिखलात चप्पल रुतवून शिकलं. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी अम्मीने बराच वेळ उंबऱ्याशी बसून काढला. कुरकुर मी मागे घेतली. मुलांनी अशी सफर करावी याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. मोबाइलवर अशा गाड्यांचे व्हिडिओ असतात ना, डोंगरात धुकं, दार उघडं, हातात कॉफीचा मग? प्रत्यक्षात दिवसाचा अर्धा जीव तीन प्रश्नांत जातो. पाणी कुठे भरायचं, ते भांडं कुठे रिकामं करायचं आणि रात्री गाडी कुठे उभी करायची. पाच माणसांना टाकीतलं पाणी जेमतेम दीड दिवस पुरतं, तेही वुजू जपून केला तर. भांडं शेतात किंवा नाल्यात ओतायचं नाही, हा नंदोईंचा हट्ट होता, आणि तो बरोबरच होता. म्हणजे चालू स्थितीतला सार्वजनिक संडास शोधणं आलं. आणि रात्रीची जागा हा तर सगळ्यांत अवघड प्रश्न. दुपारी चार वाजले की नंदोईंचा चेहरा बदलायचा. तोपर्यंत गप्पा मारणारा माणूस गप्प होऊन रस्त्याच्या कडेला बघत राहायचा. पेट्रोल पंप, ढाबा, दर्गा, पोलीस ठाण्यासमोरची मोकळी जागा. गावाच्या आत नको, गावापासून फार लांबही नको.

ते का, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्याच रात्री एका गावाबाहेर गाडी लावली तेव्हा दोन तरुण मोटरसायकलवरून आले. कुठून आले, काय आहे गाडीत, नाव काय. नंदोईंनी नाव सांगितलं. पुढचे काही क्षण कुणीच बोललं नाही. मग एक जण म्हणाला, इथे नका थांबू, लोकं विचारतात. धमकी नव्हती, आवाजही चढवला नव्हता. अम्मी आत तस्बीह घेऊन बसल्या होत्या, त्यांचं बोट थांबलं ते मी पाहिलं. आम्ही सामान आवरत होतो तेवढ्यात शेजारच्या शेतातले एक वयस्क गृहस्थ बॅटरी घेऊन आले. त्यांनी पोरांना घरी पिटाळलं आणि गाडी आपल्या खळ्यात लावायला सांगितली. "बायामाणसं हायेत संग, रस्त्यावर कायले राह्यता?" सकाळी त्यांच्या सुनेने तांब्याभर दूध पाठवलं. एकाच गावात, एकाच रात्री, अर्ध्या तासाच्या आत हे दोन्ही घडलं. हल्ली आपल्या लिखाणात यातलं एकच सांगायची सवय लागली आहे. ज्याला जे हवं ते. मला दोन्ही सांगायचंय, कारण गाडीत बसलेल्या माणसाला दोन्ही एकदमच भेटतात, आणि त्यातलं आज कोणतं भेटणार हे त्याला आधी कळत नाही.

महाराष्ट्र सरकारने 2021 साली कारवान पर्यटनाचं धोरण आणलं. घरासारख्या सोयी असलेल्या गाड्या आणि त्या उभ्या करायला कारवान पार्क, जिथे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय. कल्पना चांगली आहे. पण या पाच दिवसांत आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर असा पार्क काही आमच्या वाट्याला आला नाही. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच जातो. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर. 2022 च्या डिसेंबरात त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा लोक म्हणत होते, सुसाट आहे, पण थांबायला जागा नाही. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेडराजाजवळ त्याच रस्त्यावर खासगी बस पेटून 25 माणसं गेली, ती बातमी आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. त्या अपघाताची कारणं वेगळी, ती इथे जोडत नाही. पण रस्ता म्हणजे फक्त वेग, ही समजूत तेव्हापासून मला खटकते. जुन्या लोकांना रस्ता म्हटला की आधी मुक्काम आठवायचा.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांच्या मागे लागायची खोड आहे. 'कारवान' हा शब्द सरकारी कागदात इंग्रजीतून आला असला तरी मुळात तो आपल्याकडचा, फारसीतला 'कारवाँ'. पूर्वेकडून गेला आणि फ्रिज, सोफा घेऊन परत आला. पण जाताना त्याच्याबरोबर एक जोडीदार होता, तो मात्र परत आला नाही. कारवाँ-सराय. जिथे काफिला असतो तिथे सराय असते, हे त्या भाषेत गृहीतच होतं. (मराठीत 'लग्नसराई' म्हणतो ती सराई वेगळी, ती हंगामाची. वर्गात दर वर्षी एक तरी मूल ही गफलत करतं.) शेरशाह सूरीने सतराशे सराया बांधल्या, दर दोन कोसांवर एक, असं अकबराच्या काळातल्या अब्बास खान सरवानीने लिहून ठेवलंय. हिंदू आणि मुसलमान मुसाफिरांसाठी खाण्यापाण्याची वेगवेगळी व्यवस्था, कारण त्या काळचे नियम तसे होते, पण दार दोघांनाही उघडं. इंग्रजांनी 1867 साली सराई कायदा केला. त्यात सराईवाल्याची नोंदणी, विहीर आणि गटारं स्वच्छ ठेवणं, पहारेकरी ठेवणं आणि दराची पाटी लावणं ही त्याची कामं म्हणून लिहून दिली. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हाजींसाठी उभा राहिला, तो याच परंपरेतला.

आणि आमच्या जिल्ह्यात तर एका गावाचं नावच पिंपळगाव सराई. तिथून जवळच सैलानी बाबांचा दर्गा. 'सैलानी' म्हणजे फिरस्ता, भटक्या. आज हिंदीत पर्यटकाला सैलानी म्हणतात. म्हणजे सराईच्या गावाशेजारी भटक्या माणसाची कबर. चौथ्या दिवशी आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा मी हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मामी, ये तो हमारा ही गाँव हुआ."

आम्ही गेलो तेव्हा यात्रेचे दिवस नव्हते. यात्रा होळीला सुरू होते. नारळांची होळी पेटते, पुढे पंचमीच्या सुमारास पिंपळगाव सराईहून उंटिणीवरून संदल निघतो. लाखांनी माणूस येतो, आणि त्यात मुसलमानांपेक्षा इतर जास्त असतील असं मला दर वेळी गर्दी पाहून वाटतं. 2020 साली करोनामुळे यात्रा रद्द झाली तेव्हा आसपासच्या गावांचं वर्षाचं गणितच बिघडलं होतं. मी लहानपणापासून ही यात्रा पाहिली आहे. ज्यांना मोटरहोम म्हणजे काय हे बघायचंय त्यांनी होळीच्या आठवड्यात सैलानीला जावं. पिकअपच्या मागे बांबू वाकवून त्यावर ताडपत्री, आत गोधड्या, बाजूला शेगडी आणि पिठाचा डबा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वर झोपायची आणि खाली बकरी बांधायची सोय. ट्रकच्या दोन चाकांमध्ये लुगडं बांधून केलेला पाळणा. कुटुंबच्या कुटुंबं आठ-दहा दिवस गाडीतच राहतात. काही महिनोन् महिने राहतात, पण ती यात्रेकरू नसतात. मनाने आजारी झालेल्या मुलीला, भावाला, नवऱ्याला घेऊन आलेली असतात. त्यांना दवाखान्यापर्यंत कुणी नेलं नाही, किंवा नेऊनही उपयोग झाला नाही, म्हणून आली. या अंधश्रद्धेवर मी पूर्वी कडक बोलले आहे आणि आजही माझं मत बदललेलं नाही, आजाराला औषध लागतं. पण त्या बायकांना पहाटे अंधारात शेताकडे जाताना पाहिलं की वाटतं, आपण त्यांच्या श्रद्धेवर भाषण करतो, त्यांच्या संडासावर कुणीच बोलत नाही.

आता मला अवघड वाटतं ते सांगते.

सफरीहून परतल्यावर नंदोईंना गाडीचं काही काम करायचं होतं, आणि आमच्या गल्लीत ती आडवी येत होती. मी आमच्या शाळेत फोन केला. सुट्टी होती. अर्ध्या तासात फाटक उघडलं, गाडी मैदानात लागली, नळाला पाइप जोडला, मुलींच्या संडासाची किल्ली नणंदेच्या हातात दिली. "मॅडमचे पाहुणे आहेत" एवढं पुरेसं होतं. दोन दिवस गाडी तिथे राहिली. सहकारी शिक्षक बायका-मुलांना घेऊन बघायला आले, फोटो काढले. संध्याकाळी त्याच नळाखाली भाचा न्हात होता, ओरडत होता, आणि मला एकदम दुसरी पोरं आठवली.

त्याच्या जेमतेम दहा-बारा दिवस आधीची गोष्ट. निकालपत्रकं पुरी करायला मी शाळेत एकटीच बसले होते. शाळेसमोर रस्त्याच्या पलीकडे एक ट्रक बंद पडला होता. ऊसतोडीची टोळी. आमच्या भागातून, लोणार-सिंदखेडराजाकडून, दिवाळीच्या सुमारास अशा टोळ्या निघतात. एका नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी अवजाराने. मुकादमाने उचल दिलेली असते, ती फिटेपर्यंत सहा महिने फडावर. ट्रकमध्ये ज्वारीची पोती, भांडी, कोंबड्यांचं खुराडं, एक खाट, आणि त्यावर बसलेली माणसं. मेकॅनिक येईपर्यंत ते तिथेच राहणार होते. दोन मुली आणि एक बाई कॅन घेऊन फाटकाशी आल्या. "मॅडम, नळ तं उघडून द्या. आन् पोरीईले जाऊ द्या आत, दिवसभरापासून बसल्या हायेत." पोरींपैकी एक माझ्या सहावीतल्या मुलींएवढी होती.

मी काय म्हणाले असेन? "हेडसर नाहीत, किल्ली शिपायाकडे आहे, मला परवानगी नाही." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शिपाई मात्र दोन गल्ल्या पलीकडे राहतो, आणि त्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. तोच नंबर, जो मी बारा दिवसांनी फिरवला. त्या बाईने वाद घातला नाही. तिला सवय असावी. मी खिडकी लावून घेतली आणि निकालपत्रकं पुरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक तिथे नव्हता.

वर त्या दोन तरुणांबद्दल लिहिलं. "इथे नका थांबू" एवढंच ते म्हणाले होते. मी तर तेही न म्हणता तेच केलं, आणि नियमाचा आधार घेऊन केलं.

आपल्या दीनमध्ये मुसाफिराचा जो दर्जा आहे तो मी वर्गात अनेकदा शिकवला आहे. चार रकातींच्या फर्ज नमाजेची त्याच्यासाठी दोन होते. रोजा पुढे ढकलायची त्याला सूट आहे. जकात ज्या आठ ठिकाणी द्यायची त्यात एक 'इब्नुस्सबील' आहे, शब्दशः वाटेचा मुलगा. तो घरी श्रीमंत असला तरी चालतो, वाटेत अडचणीत आहे एवढं पुरे. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. त्याची जात, गाव, लायकी काही नाही, तो वाटेचा लेक. पण आमच्याकडे जकातीचा हिशोब करताना हे कलम वाचायचं आणि पुढे जायचं अशी रीत पडली आहे. एका जाणत्या माणसाने मला सांगितलं, हल्ली मुसाफिर कुठे राहिलेत, सगळ्यांच्या फोनमध्ये पैसे आहेत. त्यांनी बंद पडलेल्या ट्रकमधली ती बाई पाहिली नव्हती. मी पाहिली होती. कुणी म्हणेल ती मुसलमान नव्हती, जकात तिला लागू नाही. बहुतेक फुकहांचं मत तसं आहे हे मला माहीत आहे. पण सदका तर कुणालाही देता येतो, आणि नळ उघडायला जकातीचा फतवा लागत नाही.

आता आपल्या मशिदींकडे येते. सफरीत पुरुषांचा प्रश्न कधीच पडला नाही. वेळ झाली की नंदोई आणि भाचा कोणत्याही गावच्या मशिदीत जायचे, वुजू, नमाज, हातपाय धुणं, पंख्याखाली दहा मिनिटं, कधी चहासुद्धा. आम्ही तिघी आणि भाची गाडीत. अम्मींचे गुडघे दुखतात, गाडीत सरळ उभं राहता येत नाही. एका गावी मी मशिदीच्या दारात जाऊन विचारलं की जनानांसाठी वुजूची आणि बसायची काही जागा आहे का. तिथल्या साहेबांनी अदबीने सांगितलं, "आपा, इंतेजाम नहीं है." अदब खरी होती आणि इंतेजाम नव्हता हेही खरं. पुण्यातल्या एका दांपत्याने 2019 साली सर्वोच्च न्यायालयात मशीद प्रवेशाची याचिका केली होती. 2020 च्या जानेवारीत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं की मशिदीत नमाजेसाठी यायला स्त्रियांना मनाई नाही. मनाई नाही, पण इंतेजाम नाही. म्हणजे माझ्यासारखंच झालं. हेडसर नाहीत, किल्ली शिपायाकडे आहे.

प्रवेश या विषयावर आपल्याकडे वाद रंगतात आणि मग काहीच होत नाही. म्हणून मी तो वाद इथे घालत नाही. मी फक्त मुसाफिराच्या हक्काने मागते. रस्त्याला लागून असलेल्या मशिदीच्या, दर्ग्याच्या, ईदगाहच्या आवारात एका कोपऱ्यात बायकांसाठी एक संडास, एक नळ आणि चटई टाकण्यापुरती आडोशाची जागा. दार रस्त्याच्या बाजूने, म्हणजे कुणाच्या नमाजेत खलल नाही. बाहेर पाटी उर्दूत आणि मराठीत, दोन्हीत, कारण येणारी बाई कोण असेल सांगता येत नाही. आमच्या गावच्या एका बैठकीत माझ्या यजमानांमार्फत हा प्रस्ताव गेला तेव्हा आक्षेप आले. घाण करतील, रात्री कोण थांबलंय हे कसं कळणार, उद्या पोलीस विचारतील, जबाबदारी कुणाची? हे आक्षेप फालतू नाहीत. आजच्या दिवसांत आपल्या आवारात अनोळखी गाडी रात्रभर उभी राहणं म्हणजे काय, हे त्या कमिटीतल्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण याची उत्तरं 1867 च्या कायद्याने देऊन ठेवली आहेत. वहीत नोंद करा, एक माणूस राखणीला ठेवा, दराची पाटी लावा. पाच-दहा रुपये घ्या, हरकत नाही. बाई आनंदाने देईल. नुसती दया कुणाला नको असते.

हे जमतं की नाही हे बघायचं असेल तर शेगावला जा. आम्ही पाचव्या दिवशी तिथे होतो. गजानन महाराज संस्थानाच्या परिसरात गाडी लावली, अम्मींना घेऊन आम्ही तिघी स्वच्छतागृहात गेलो. अम्मींचा बुरखा, माझी ओढणी, सगळं दिसत होतं. तिथल्या सेवेकऱ्याने अम्मींना हात दिला, "माउली, पाय जपून" म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. फरशी कोरडी होती. इथूनच आषाढी वारीला पायी पालखी निघते, महिनाभर चालत पंढरपूरला जाते, आणि वाटेवरची गावं शेकडो वारकऱ्यांना जेवू घालतात, ओसऱ्या मोकळ्या करून देतात. आमच्या भागातल्या अनेक मुसलमान घरांनीही वारकऱ्यांना पाणी, चहा दिलेला मी पाहिला आहे. म्हणजे ही सवय आपल्या मातीत आहेच, परकी आणायची नाही. अम्मी गाडीत बसल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इतना साफ़ तो अपने यहाँ भी हो सकता है." त्या कुणाला टोमणा मारत नव्हत्या, नुसतं मनातलं बोलल्या.

नणंदेची गाडी पुढे बऱ्हाणपूरला गेली. ठरल्याप्रमाणे सत्ताविसाव्या दिवशी ते पुण्यात घरी पोहोचले. भाचीने वहीत मुक्कामांची यादी केली होती, तिचा फोटो मला पाठवला. सव्वीस रात्री. नातेवाइकांची घरं नऊ, पेट्रोल पंप सहा, दर्ग्यांची आवारं पाच, ढाबे तीन, एक शेत, आणि आमच्या शाळेचं मैदान, दोन रात्री. शाळेच्या नावापुढे तिने चांदणी काढली आहे आणि लिहिलंय, सबसे अच्छा पानी.

सुट्टी संपल्यावर मी हेडसरांना त्या ट्रकबद्दल सांगितलं. शाळेच्या भिंतीतून रस्त्याच्या बाजूला एक तोटी काढायची, एवढीच माझी मागणी होती. त्यांनी मान्य केलं आणि जानेवारीत ती तोटी बसली. प्लंबरचे पैसे मी दिले, ते काही मोठे नव्हते. संडासाच्या किल्लीचं अजून ठरलेलं नाही. ती सुट्टीत कुणाकडे राहावी यावर दोन बैठका झाल्या. मशिदीच्या कोपऱ्याबद्दल कमिटीने "बघू" म्हटलंय. एप्रिलमध्ये फडावरून टोळ्या परतल्या तेव्हा मी दोन-तीनदा संध्याकाळी शाळेसमोर रेंगाळले. एक ट्रक थांबला, बायका उतरल्या, कॅन भरले, तोंड धुतलं. त्यात ती बाई नव्हती. एकीने मला विचारलं, आत जाता येतं का. मी शिपायाला फोन लावला. तो लग्नाला गेला होता.